डॉक्टरांच्या पडद्यावरचे इशारे : राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, नवी दिल्ली.



देशभरच्या दवाखान्यांतले केसपेपर संगणकावर आणण्याचे काम आपल्या प्राधिकरणाकडे आहे. 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले, आरोग्य खात्याचे चौदा आकडी आभा क्रमांक कोट्यवधी लोकांना मिळाले, आणि तालुक्याच्या गावातली खासगी इस्पितळेही कागद बाजूला ठेवून पडद्यावर औषधे लिहू लागली. पडदा आला की त्याच्यामागून एक गोष्ट हमखास येते. डॉक्टर औषध लिहीत असताना एक चौकट उघडते आणि सांगते, की या रुग्णाला या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, किंवा ही मात्रा जास्त आहे, किंवा ही दोन औषधे एकत्र देऊ नका, किंवा या मधुमेह्याचे डोळे वर्षभरात तपासलेले नाहीत. हे पत्र त्या चौकटीविषयी आहे. ती जीव वाचवते याचे भक्कम पुरावे आहेत. ती घाईने, निष्काळजीपणे बनवली तर काय होते याचेही आहेत. आपल्याकडे नियम ठरायचे आहेत, म्हणून हे दुसरे पुरावे आत्ताच नजरेखालून गेलेले बरे.

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात जुलै 2013 मध्ये घडलेला प्रसंग या विषयात वारंवार सांगितला जातो. रुग्णालयाने तो दडवला नाही. तिथलेच प्राध्यापक डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी 2015 साली आलेल्या ‘द डिजिटल डॉक्टर’ या पुस्तकात तो तपशिलाने मांडला. सोळा वर्षांचा मुलगा, वजन 38.6 किलो. त्याला को-ट्रायमॉक्साझोलची, म्हणजे आपल्याकडे सेप्ट्रान या नावाने माहीत असलेल्या औषधाची, 160 मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची होती. चाळीस किलोंखालच्या रुग्णांची मात्रा वजनावरून काढायची असा तिथला नियम होता, म्हणून पडद्यावरचे एकक आधीच ‘मिलिग्रॅम दर किलो’ असे लावलेले होते. निवासी डॉक्टरने 160 लिहिले, एकक बदलायचे राहिले. संगणकाने इमानेइतबारे 160 ला वजनाने गुणले आणि साडेअडतीस गोळ्यांची मागणी तयार झाली.

आता इशाऱ्यांचे काय झाले ते पाहा. मात्रा जास्त असल्याची चौकट निवासी डॉक्टरसमोर उघडली, ती बंद केली गेली. फार्मासिस्टसमोर उघडली, तीही बंद केली गेली. यंत्राने गोळ्या पाकिटांत भरल्या. रात्रपाळीच्या सिस्टरला एवढ्या गोळ्या पाहून शंका आली होती, पण बारकोड वाचल्यावर पडद्याने मागणी बरोबर असल्याचे सांगितले आणि तिने पडद्यावर विश्वास ठेवला. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला मोठी आकडी आली. सुदैवाने तो वाचला.

त्या रुग्णालयात महिन्याला औषधांच्या सुमारे साडेतीन लाख मागण्या नोंदल्या जात आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांवर फार्मासिस्टला कुठला ना कुठला इशारा दिसे. मात्रा किंचित वाढली तरी चौकट तीच, एकोणचाळीस पट वाढली तरी चौकट तीच. पाळी संपेपर्यंत ढीगभर चौकटी बंद करणाऱ्याने हीही तशीच बंद केली. सिग्नलला मागे वाजणाऱ्या हॉर्नकडे कोणी वळून पाहत नाही, त्यातलाच हा प्रकार. त्याच विद्यापीठाच्या अतिदक्षता विभागांत संशोधकांनी 77 खाटांवरच्या मॉनिटरचे इशारे महिनाभर नोंदवले तेव्हा आकडा पंचवीस लाखांच्या पुढे गेला. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडल्याचे जे साडेबारा हजारांहून अधिक इशारे त्यांनी एकेक करून तपासले, त्यांतले 88.8 टक्के खोटे निघाले. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांवर निष्काळजीपणाचा शिक्का मारणे सोपे आहे, पण तो अन्याय आहे. खोटे इशारे ऐकून ऐकून कान निर्ढावले नाहीत तर त्या विभागात कामच करता येणार नाही.

ही कल्पना मुळात चांगली आहे, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. इंडियानापोलिसच्या रिगनस्ट्रिफ संस्थेतले डॉ. क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी 1976 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात नऊ डॉक्टर होते. रुग्ण येण्याआधी संगणक त्याच्या नोंदी चाळायचा आणि काही राहून गेले असेल तर केसपेपरसोबत कागदावर आठवण छापून द्यायचा. आठवण मिळाली तेव्हा डॉक्टरांनी 51 टक्के प्रसंगी आवश्यक ती कृती केली, न मिळाली तेव्हा 22 टक्के प्रसंगी. डॉक्टर तेच होते आणि त्यांचे ज्ञानही तेच होते. मॅकडॉनल्ड यांचा निष्कर्ष साधा होता. चुका अज्ञानामुळे होत नव्हत्या, एका डोक्यात एका वेळी मावेल त्याहून जास्त माहिती डॉक्टरसमोर येत होती म्हणून होत होत्या. सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी नऊला लागलेली रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे, त्यात मागचा केसपेपर घरी राहिलेला, आणि दाराशी पुढचा रुग्ण आत डोकावत उभा. इथल्या डॉक्टरला आठवणीची गरज इंडियानापोलिसच्या डॉक्टरपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयाने हे काम आणखी पुढे नेले. तिथल्या अतिदक्षता विभागात अँटिबायोटिक निवडायला मदत करणारी प्रणाली बसवली गेली आणि तिचे निकाल 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या दोन वर्षांत 1136 रुग्णांमागे अ‍ॅलर्जी असलेलेच औषध लिहिले जाण्याचे 146 प्रसंग नोंदले गेले होते. नंतरच्या वर्षात 545 रुग्णांमागे ते 35 वर आले. जास्त मात्रेचे प्रसंग 405 वरून 87 झाले. रुग्णांची संख्या निम्म्यावर होती हे धरूनही ही घट मोठी आहे. ही प्रणाली बाहेरून विकत आणून बसवलेली नव्हती. ज्या रुग्णालयात ती चालायची होती तिथल्याच डॉक्टरांनी आणि संगणकतज्ज्ञांनी अनेक वर्षे खपून ती उभी केली होती.

इतरत्र चित्र वेगळे आहे. 2006 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा औषधांच्या सुरक्षिततेचे 49 ते 96 टक्के इशारे डॉक्टर बाजूला सारतात असे दिसले. बाजूला सारण्याची रीतही ठरून गेली आहे. चौकट कारण विचारते आणि कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून तिथे एक टिंब टाकले जाते किंवा ‘ओके’ लिहिले जाते. रुग्णालयाच्या दप्तरी मात्र नोंद पडते, की डॉक्टरांनी धोका पाहिला, विचार केला आणि निर्णय घेतला.

मग इशारा ओलांडताच येणार नाही असे कुलूपच लावले तर? हा उपायही करून झाला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांत वॉरफरिन आणि को-ट्रायमॉक्साझोल ही जोडी अडवणारा इशारा लावण्यात आला. या दोन औषधांनी रक्त प्रमाणाबाहेर पातळ होते, म्हणून इशारा योग्यच होता. कुलूप असलेल्या गटात 57.2 टक्के वेळा डॉक्टर मागे फिरले, नुसती फार्मासिस्टची नेहमीची सूचना मिळणाऱ्या गटात 13.5 टक्के वेळा. पण चार रुग्णांना अत्यंत गरजेचे औषध मिळायला उशीर झाला आणि संशोधन समितीने प्रयोग मध्येच थांबवला. तो अभ्यास 2010 मध्ये आला. कुलूप हवे, पण अगदी मोजक्या दारांना, आणि किल्ली रात्री दोन वाजताही सापडेल अशा जागी.

इशारा कोण लिहितो, हा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेत प्रॅक्टिस फ्यूजन नावाची कंपनी डॉक्टरांना केसपेपरचे सॉफ्टवेअर पुरवत असे. वेदनेच्या रुग्णाची नोंद उघडली की उपचार सुचवणारी एक चौकट त्यात दिसायची. ती चौकट बसवण्यासाठी कंपनीने अफूजन्य वेदनाशामके बनवणाऱ्या औषध कंपनीकडून पैसे घेतले होते आणि चौकटीची रचना ठरवताना त्या कंपनीच्या विक्री विभागाला सोबत घेतले होते. जानेवारी 2020 मध्ये प्रॅक्टिस फ्यूजनने अमेरिकी सरकारशी 14 कोटी 50 लाख डॉलर भरण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले. त्याच वर्षी पर्ड्यू फार्माने जे गुन्हे कबूल केले त्यांत ही लाचही होती. अशा वेदनाशामकांच्या व्यसनाने त्या देशात माणसे मरत असताना दवाखान्यातला पडदा डॉक्टरांना त्याच गोळ्यांकडे ढकलत होता. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि त्यांच्या भेटवस्तू यांविषयी आपल्याकडे इतकी वर्षे वाद चालू आहे. प्रतिनिधी निदान ओळखता येतो, त्याच्या हातात बॅग असते. चौकटीमागचा विक्रेता दिसत नाही.

वाईट हेतू नसतानाही प्रणाली फसते. एपिक या मोठ्या अमेरिकी कंपनीचे जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन अवयव बिघडण्याचा, म्हणजे सेप्सिसचा, अंदाज देणारे प्रारूप शेकडो रुग्णालयांत चालू होते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या रुग्णालयात ते स्वतंत्रपणे तपासले आणि 2021 मध्ये निकाल दिला. सेप्सिस झालेल्या रुग्णांपैकी 67 टक्के रुग्ण त्याच्या नजरेतून सुटले होते आणि दाखल रुग्णांपैकी 18 टक्क्यांवर त्याने इशारा दिला होता. एवढ्या ठिकाणी बसवण्याआधी अशी बाहेरची तपासणी व्हायला हवी होती. ई-संजीवनी या आपल्या सरकारी दूरवैद्यक सेवेतही आता डॉक्टरांना संभाव्य निदान सुचवणारी प्रणाली जोडली आहे. त्या सेवेवर खेड्यापाड्यांतले लोक अवलंबून आहेत. तिचे कोणते अंदाज बरोबर ठरले आणि कोणते चुकले हे सरकारबाहेरच्या वैद्यकांना तपासू देणे हे लोकांचे देणे आहे.

महोदय, आपल्या देशाच्या काही अडचणी खास इथल्या आहेत, आणि परदेशी प्रणाली तशीच आणून बसवली तर त्या सुटणार नाहीत. आपल्याकडे औषध ब्रँडच्या नावाने लिहिले जाते आणि एका गोळीत दोन-तीन औषधे असणे ही रोजची बाब आहे. सरकारने मार्च 2016 मध्ये अशा 344 मिश्रणांवर एका फटक्यात बंदी घातली होती, यावरून पसारा लक्षात येतो. तापासाठी पॅरासिटामॉल, सर्दीसाठी वेगळ्या नावाची गोळी आणि कंबरदुखीसाठी तिसरी, अशी चिठ्ठी लिहिली जाते. तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते आणि दिवसाची चार ग्रॅमची मर्यादा कोणाच्या लक्षात न येता ओलांडली जाते. ब्रँडच्या पोटात काय आहे हे ज्या संगणकाला माहीत नाही, तो इथे गप्प बसेल.

याचे उत्तर पुण्यात तयार झाले आहे. सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय ईएचआर मानक संसाधन केंद्राने भारतीय औषधांसाठी सामाईक सांकेतिक क्रमांक तयार केले आहेत. ब्रँड, त्यातले घटक आणि त्यांची मात्रा यांची सांगड त्यात घातली जाते, आणि ज्या स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय परिभाषेवर ते बेतले आहेत ती वापरायला भारतात पैसे मोजावे लागत नाहीत. घरचे असे काम हाताशी असताना प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीने औषधांची आपापली यादी हाताने भरत बसावे, हे पटण्यासारखे नाही. हे क्रमांक सक्तीचे करा आणि बाजारात नवा ब्रँड आला की तो यादीत किती दिवसांत यावा याची मुदत ठरवून द्या.

कोणते इशारे खरोखर हवेत, याचे एकच उदाहरण पुरे. एचआयव्हीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या पहिल्या फळीच्या गोळीत डोल्युटेग्राविर असते. त्याच रुग्णाला क्षय झाला की रिफाम्पिसिन सुरू होते. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविर शरीरातून लवकर बाहेर पडते, म्हणून त्याची 50 मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा द्यावी लागते. एचआयव्हीची औषधे देणारे एआरटी केंद्र आणि क्षयरोग विभाग यांच्या खोल्या वेगळ्या, रजिस्टरे वेगळी आणि पुष्कळदा सॉफ्टवेअरही वेगळे. रुग्ण दोन्ही दारांतून आत-बाहेर करतो, संध्याकाळची जादा गोळी मात्र मध्येच कुठेतरी राहून जाऊ शकते. तेच रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि संततिनियमनाच्या गोळ्यांचाही परिणाम कमी करते. क्षयाचे इतके रुग्ण असलेल्या देशात हे मोजके इशारे अचूक आणि वेळेवर मिळाले तर त्यांचे मोल फार मोठे आहे. अमेरिकेतल्या इशाऱ्यांच्या यादीत ते वरच्या क्रमांकावर असण्याचे कारण नाही. आपल्या यादीत ते असायलाच हवेत.

इशाऱ्याने सगळे काही साधत नाही, याचा अनुभवही घरचाच आहे. हरियाणा आणि कर्नाटकातल्या 40 सामुदायिक आरोग्य केंद्रांत एमवेलकेअर नावाची टॅब्लेटवरची प्रणाली रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरून पाहिली गेली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन्ही गटांतल्या रुग्णांची तब्येत सुधारली, पण टॅब्लेट असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत म्हणावा तसा फरक आढळला नाही. तुलनेच्या केंद्रांतही प्रशिक्षण आणि उपचाराचे तक्ते दिले गेले होते. हा निकाल अपयश म्हणून बाजूला टाकू नये. अशी चाचणी घेतली गेली आणि तिचा निकाल लपवला गेला नाही, हीच या क्षेत्रातली सगळ्यांत आरोग्यदायी गोष्ट आहे.

आता मुख्य मागणी. मिशनशी जोडून घेताना सॉफ्टवेअरला जे टप्पे पार करावे लागतात, त्यांत आभा क्रमांक तयार होतो का, नोंदी जोडल्या जातात का, रुग्णाच्या संमतीने त्या दुसरीकडे पाठवता येतात का, हे पाहिले जाते. जानेवारी 2023 मध्ये लागू झालेली आपली प्रोत्साहन योजनाही नोंदींच्या संख्येवर पैसे देणारी होती. नोंदी वाढवायला हे ठीक होते. पण संख्येला पैसे मिळू लागले की कंपन्या संख्या वाढवतात. उद्या इशाऱ्यांची संख्या हाच चांगल्या सॉफ्टवेअरचा निकष झाला तर डॉक्टरांचा पडदा चौकटींनी भरून जाईल. म्हणून मोजणी दुसऱ्या टोकाकडून व्हावी. प्रत्येक इशारा किती वेळा दिसला, किती वेळा पाळला गेला, किती वेळा बंद केला गेला, हे प्रत्येक प्रणालीने नोंदवावे आणि रुग्णालयाने वर्षातून एकदा जाहीर करावे. यात रुग्णाचे नाव लागत नाही आणि डॉक्टरचेही लागत नाही. जो इशारा शंभरातून नव्वद वेळा बंद केला जातो तो दुरुस्त करावा, नाहीतर काढून टाकावा.

ही नोंद डॉक्टरांविरुद्ध वापरली जाईल ही भीती खरी आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून डॉक्टर प्रत्येक कागदाकडे वकिलाच्या नजरेने पाहायला शिकले आहेत. इशारा ओलांडल्याची प्रत्येक नोंद उद्या ग्राहक आयोगासमोर येणार असेल, तर डॉक्टर बिनकामाचे इशारेही पाळतील आणि रुग्णाला हवे ते औषध मिळणार नाही. दुसऱ्या बाजूला, ‘आम्ही सांगितले होते’ असे म्हणता यावे म्हणून कंपन्या हाती येतील ते सगळे इशारे भरत राहतील. इशारा विचारपूर्वक ओलांडणे हा वैद्यकीय निर्णयाचाच भाग आहे, हे प्राधिकरणाने आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मिळून लेखी स्पष्ट करावे.

प्रत्येक नियमाला धनी असावा. तो कोणी लिहिला, कोणत्या पुराव्यावर, कधी तपासला आणि त्यासाठी पैसे कोणी दिले, हे चौकटीतूनच एका बटणावर दिसावे. औषध कंपनीच्या पैशाने बनलेला एकही इशारा मिशनशी जोडलेल्या प्रणालीत नसावा, आणि तो आढळला तर जोडणी रद्द व्हावी. ओलांडता न येणाऱ्या इशाऱ्यांची यादी देशभर एकच आणि छोटी असावी. ती ठरवताना दिल्लीतल्या तज्ज्ञांबरोबर गडचिरोलीतला मेडिकल ऑफिसरही बसलेला असावा, कारण हिवतापावरचे प्रायमाक्विन लिहिताना जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता तपासायची सोय जवळपास आहे की नाही, हे त्याला ठाऊक असते. आणि सिस्टर व फार्मासिस्ट यांना शंका आली तर बारकोड काहीही सांगो, औषध थांबवून विचारण्याचा अधिकार प्रणालीतच असावा.

हे सगळे एका वर्षात होणार नाही, पण एक काम लगेच करता येईल. मिशनशी जोडणीच्या पुढच्या कसोटीत एक रकाना वाढवा, त्यात किती इशारे दिले आणि त्यांतले किती पाळले गेले एवढेच विचारा, आणि पहिल्या वर्षाचे आकडे जसे येतील तसे लोकांसमोर ठेवा, ही विनंती.